दार उघडं असताना

१६ जून

दादा,

साष्टांग नमस्कार वगैरे रविवारच्या पत्रात घातलाय, तो तिथून घे. इथे मिळणार नाही. मी भयंकर चिडलेय.

रविवारचं पत्र म्हणजे काय ते आधी ऐक. न्याहारी झाली की सगळ्यांनी अभ्यासाच्या खोलीत बसायचं. शिस्तबाई, म्हणजे आमच्या वसतिगृहाच्या बाई, फळ्यावर पत्र लिहितात. ते आम्ही उतरवायचं. 'मी मजेत आहे. हवा छान आहे. जेवण पोटभर मिळते.' मग पाकीट न चिकटवता त्यांच्या हातात द्यायचं. तेव्हा मी मजेत असल्याचं पत्र तुला मिळेल, ते खुशाल चुलीत घाल. हे पत्र मात्र माझ्या वर्गातली एक मुलगी टाकणार आहे. ती रोज घरून येते. उत्तर तिच्याच पत्त्यावर पाठव, कारण आलेली पत्रंसुद्धा शिस्तबाई आधी वाचतात.

आता आपलं भांडण. तू मला सोडायला आलास की लिफ्ट दुरुस्त करायला? ट्रंक उतरवतोस न उतरवतोस तोच स्वयंपाकघरातल्या काकू आल्या आणि म्हणाल्या, 'अहो, जेवणाची लिफ्ट अडकलीय, दीडशे मुलींचं जेवण खालीच पडलंय.' त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत तू बाह्या सरसावून गायब! एवढीशी ती लिफ्ट, कपाटाएवढी, खालून वर भांडी न्यायची. तिच्यापायी मी दीड तास ट्रंकेवर बसून होते. बाकीच्यांच्या आया गाद्या घालून देत होत्या, कपाटं लावून देत होत्या. तू आलास तो कोपरापर्यंत काळा होऊन. 'गाडी चुकेल' म्हणालास, डोक्यात टपली मारलीस आणि निघालास. दोन दिवस माझ्या केसांना ग्रीसचा वास येत होता.

आता मला सगळ्या 'लिफ्टवाल्याची' म्हणतात. मला इथे राहायचं नाहीये. कपड्यांवर, ताटावर, खाटेवर सगळीकडे ४७ लिहिलंय. शेजारच्या ४८ नंबरच्या खाटेवर तिसरीतली एक इवलीशी पोरगी आहे, पिटुकली म्हणतात तिला. ती दिवसभर माझ्या बाहीला लटकलेली असते. मलाच धड उभं राहता येत नाही आणि ही मला धरून उभी!

तुझी (अजून तरी)
ठमी

२४ जून

ठमाबाई,

तुझं मजेत असल्याचं पत्र आणि हे बॉम्बगोळ्यासारखं पत्र एकाच दिवशी आलं. आधी हसलो. मग डोकं सटकलं.

राहायचं नाही म्हणे! आईबाबा गेले तेव्हा मी नववीत होतो आणि तू भिंत धरून चालत होतीस. शाळा सोडून मी उस्तादांच्या हाताखाली लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो, तो अजून तिथेच आहे. या शाळेच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला शेकडो मुली बसल्या, जागा एकच होती आणि ती तू मिळवलीस. मी नाही, तू. आता नखरे कसले करतेस? माझ्या हातचा करपलेला भात आठवतोय वाटतं.

लिफ्टवाल्याची म्हणतात तर आहेसच. मान वर करून 'हो' म्हण. टपलीचं म्हणशील, तर मला तिथे रडायचं नव्हतं, म्हणून घाई केली. झालं समाधान? आता हे कोणाला सांगू नकोस.

त्या लिफ्टचं मी तात्पुरतं काम केलंय. ती आमच्या कंपनीची नाही. ज्यांची आहे त्यांचा माणूस दोन दिवसांत बोलवा, असं काकूंना बजावून आलोय. तो येऊन गेला का, तेवढं विचारून कळव.

दादा

१९ जुलै

दादा,

राहतेय. तुझ्यासाठी नाही, ग्रंथालयासाठी. तिथे शिस्तबाईंना शिंका येतात म्हणून त्या फिरकत नाहीत.

आता मला वाढपाचं काम लागलंय. जेवणघर दुसऱ्या मजल्यावर आहे. खालून काकू भांडी चढवतात, वर आम्ही लिफ्टचं दार उघडून ती उतरवून घ्यायची, दार लावायचं, 'झालं' म्हणून ओरडायचं. पिटुकलीला माझ्यासोबत राहायचं असतं, म्हणून तिने बाईंच्या मागे लागून वाढायचे डाव मोजायचं काम मिळवलंय. बारा डाव वर आले की बारा खाली गेले पाहिजेत. ती ते अशा थाटात मोजते की हसू दाबता दाबता पोट दुखतं.

गणितात पहिली आले. शाबासकी नीट लिहून पाठव, टपली नको.

ठमी

२ ऑगस्ट

ठमे,

शाबास, शाबास, शाबास. तीनदा लिहिलं.

पण विचारलं त्याचं काय? कंपनीचा माणूस आला होता की नाही? एक साधी गोष्ट विचारली तर एवढं पानभर लिहिलंस, नेमकं तेच सोडून. काकूंना विचार आणि उलट टपाली कळव.

दादा

११ ऑगस्ट

दादा,

धन्य आहे तुझी! मी पहिली आले त्यावर एक ओळ, आणि लिफ्टवर चार. मला ताप येऊन गेला, ते तू विचारलंसही नाहीस. (मी कळवलंच नव्हतं, पण तरी.) त्या लिफ्टलाच बहीण मान आणि तिलाच राखी पाठवायला सांग.

आला होता तुझा माणूस. येऊन गेला. सगळं ठीक आहे. आता तरी सुटले का मी?

ठमी

१० डिसेंबर

दादा,

दिवाळीच्या सुट्टीत घरी आपण किती हसलो होतो. आता हसायचं काही उरलं नाहीये.

बुधवारी दुपारी आम्ही भांडी परत खाली पाठवत होतो. पिटुकलीने डाव मोजले तर अकरा. बारावा लिफ्टच्या आत मागच्या फटीत सरकला होता. माझा हात पोचेना. 'ताई, मी काढते' म्हणाली आणि खांद्यापर्यंत आत वाकली. दार सताड उघडं होतं, दादा. 'झालं' असं कोणी ओरडलं नव्हतं. खाली कोणीतरी बटण दाबलं आणि लिफ्ट चालली. दार उघडं असताना चालली.

तिची उजव्या हाताची दोन बोटं गेली.

आणि आता खरी चीड ऐक. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांना एकत्र उभं करून सांगितलं, की ती मुलगी लिफ्टमध्ये बसून खाली जायला बघत होती. खोडकरपणा! जी पोरगी डाव कमी भरला तर रडते, ती खोडकर! रविवारी फळ्यावर वाक्य होतं: 'आमच्या एका मैत्रिणीला तिच्या स्वतःच्या खोडकरपणामुळे इजा झाली.' मी ते उतरवलं नाही. मी लिहिलं, 'दार उघडं होतं. लिफ्ट चालली. मी पाहिलं.' शिस्तबाईंनी कागदाचे चार तुकडे केले, नवा कागद दिला आणि माझ्या मानेशी उभ्या राहिल्या. मग मी उतरवलं. उतरवलं रे! ते पत्र तुला येईल. माझी मलाच किळस येतेय.

तिचं नाव पटावरून काढलंय. सहा जानेवारीला शाळेचे विश्वस्त चौकशीला बसणार आहेत. दीडशे मुलींनी घरी लिहिलेली ती पत्रं, म्हणे, पुरावा आहेत. मी आत जाऊन खरं सांगणार आहे. पण चौदा वर्षांच्या मुलीचं कोण ऐकतं? तू लिफ्टवाला आहेस. दार उघडं असताना लिफ्ट चालू शकते का? मला एका कागदावर सही करून लिहून दे. माझ्या ओळखीत हे सांगू शकेल असा तू एकटाच आहेस.

लवकर पाठव.

ठमी

१७ डिसेंबर

ठमे,

पत्र मिळालं. फार वाईट झालं.

तू यात पडू नकोस. तू लहान आहेस, तुला यातलं कळत नाही. लिफ्टची शंभर कारणं असतात, न बघता कोणी काही लिहून देत नसतं. चौकशीला मोठी माणसं आहेत, ती बघून घेतील. तुझी जागा गेली तर पुन्हा मिळणार नाही, एवढं ध्यानात ठेव. सांगितलं तेवढं ऐक, तोंड बंद ठेव आणि अभ्यास कर.

दादा

२२ डिसेंबर

दादा,

हे पत्र तू लिहिलंस? की शिस्तबाईंनी तुझ्या घरी येऊन फळ्यावर लिहून दिलं आणि तू उतरवलंस?

तू भित्रा आहेस हे मला माहीत नव्हतं. आपल्या इमारतीच्या मालकाच्या अंगावर तू पान्हा घेऊन धावून गेला होतास, कारण त्याने भाजीवाल्या आजींना ढकललं होतं. मी सात वर्षांची होते. त्या दिवसापासून मला वाटायचं, काहीही झालं तरी आपला दादा आहे. कसला दादा! माझी जागा, माझी जागा! जागा घालशील का तिच्या हाताच्या ठिकाणी?

काल तिची आई ट्रंक न्यायला आली होती. दवाखान्यात रुग्णांचे कपडे धुते ती. तिला आत बसवलंसुद्धा नाही कोणी. मी ४८ नंबरचे फ्रॉक घडी करून देत होते, तर तिने हळूच मला विचारलं, 'बाळ, खरं सांग, फार खोड्या करायची का गं ती?' मला तोंडच उघडेना. कारण माझ्या भावाने सांगितलंय ना, तोंड बंद ठेव म्हणून!

तू लिहून देऊ नकोस. मी विश्वस्तांना सांगते, माझा भाऊ लिफ्टचं काम करतो, त्यालाच बोलावून विचारा. मग त्यांच्यासमोर सांग, शंभर कारणं असतात म्हणून.

सही करत नाहीये.

२९ डिसेंबर

ठमे,

शिव्या घाल, पण पूर्ण वाच.

दार उघडं असताना लिफ्ट चालू शकत नाही. दारात एक स्विच असतो. दार नीट लागलं की तो दाबला जातो, तेव्हाच लिफ्ट हलते. जूनमध्ये वरच्या मजल्याचं दार वाकलं होतं, ते स्विचपर्यंत पोचत नव्हतं, म्हणून लिफ्ट अडकली होती. नवं दार, नवा स्विच तिथे कुठून आणणार? काकू डोक्यावर उभ्या, दीडशे मुली उपाशी, माझी गाडी सुटायला आलेली. मी तो स्विच दाबून तारेने बांधून टाकला. म्हणजे लिफ्टला वाटत राहतं की दार कायम बंदच आहे.

आमच्या कामातलं हे सगळ्यात मोठं पाप आहे. उस्तादांनी पहिल्याच दिवशी माझा कान पिळून सांगितलं होतं, जेवण राहू दे, माणसं राहू देत, पण दाराचा स्विच बांधायचा नाही. मी बांधला. दुसऱ्याच्या लिफ्टला हात लावून बांधला. आणि धोक्याचा एक कागद चिकटवायचंही सुचलं नाही.

तू ऑगस्टमध्ये लिहिलंस, माणूस येऊन गेला, सगळं ठीक आहे. तेव्हा मी निर्धास्त झालो. वाटलं, त्याने तार काढून दार बदललं असणार. तुझं दहा तारखेचं पत्र वाचलं आणि ती तार आठवली. त्या माणसाने तार तशीच ठेवली की काय, हे मला कळत नाही. पण बांधली मीच.

तुझ्या जागेचं मी खोटं लिहिलं. मला माझ्या परवान्याची भीती होती. हे गेलं तर मला दुसरं काही येत नाही.

भित्रा म्हणालीस ते बरोबर आहे.

दादा

२ जानेवारी

दादा,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं, ते फाडून तुझ्या तोंडावर फेकावं. तार बांधतोस? आणि वर मला सांगतोस, तुला यातलं कळत नाही? मी त्या दारात दिवसातून तीनदा हात घालत होते! माझा हात गेला असता तर काय लिहिलं असतंस, शंभर कारणं असतात?

हे सगळं तुला आणखी दोन पानं ऐकवणार होते. पण एका ओळीपाशी अडकलेय.

माणूस आला नव्हता.

कोणीच आलं नव्हतं. मी काकूंना विचारलं होतं, त्या म्हणाल्या, 'चालतेय ना? मग कशाला कोणाला बोलवायचं?' मी तुला हेच लिहायला हवं होतं. पण तू सारखं लिफ्ट, लिफ्ट करत होतास आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणून ठोकून दिलं, आला होता, येऊन गेला. तुझं तोंड बंद करायला. नुसत्या रागाने. एवढ्याशा रागाने, दादा!

मी खरं लिहिलं असतं तर तू पुढच्या गाडीने आला असतास. हे मला माहीत आहे, तू नाही म्हणू नकोस.

तुझं कबुलीचं पत्र माझ्याजवळ आहे, तुझ्या अक्षरात. ते मी विश्वस्तांपुढे ठेवू शकते. ठेवणार नाही. सहा तारखेला अकरा वाजता तू ये आणि स्वतःच्या तोंडाने सांग. तुझं झालं की मी आत जाईन आणि माझं सांगेन. तू आला नाहीस तर मी एकटी जाईन, पण मग यापुढे मला पत्र लिहू नकोस. रविवारचंही नाही.

ठमी

२० जानेवारी

ठमे,

त्या दिवशी तू चौकशीच्या खोलीतून बाहेर आलीस आणि माझ्यासमोरून सरळ निघून गेलीस. हाक मारणार होतो, पण कुठल्या तोंडाने मारणार?

निकालाचा कागद मलाही आलाय. पिटुकलीचं नाव पुन्हा पटावर घेतलं, तिचा दोष नाही असं लिहिलं, हे चांगलं झालं. पुढचं वाचून मात्र माझं टाळकं फिरलं. 'बाहेरील इसमाने केलेल्या अनधिकृत दुरुस्तीमुळे.' बस, एवढंच. काकूंनी न बघता बटण दाबलं, ते नाही. सहा महिन्यांत कोणी लिफ्ट तपासली नाही, ते नाही. एका लेकरावर खोटा आळ घेतला, दीडशे पोरींकडून तो लिहून घेतला, त्याबद्दल अवाक्षर नाही. तुझं बोलणं तर 'भावनेच्या भरात' म्हणून गाळलंच. त्यांना एकच माणूस हवा होता आणि मी आयता चालत गेलो. माझ्या वाटणीचं मी निमूट घेईन. त्यांच्या वाटणीचं घेणार नाही. तसं पत्र मी विश्वस्तांना लिहिलंय, उस्तादांनीही त्यावर सही केली. उस्ताद माझ्याशी बोलत नाहीत, पण सही केली.

परवाना गेला. कंपनीने दुसऱ्याच दिवशी काढलं. सध्या एका कुलूपवाल्याकडे किल्ल्या घासतो. ते असो.

परवा मी पिटुकलीच्या घरी गेलो. एकच खोली, वर गच्चीवर. तिच्या आईने दार उघडलं. मी म्हटलं, लिफ्टची तार बांधणारा तो मी. तिने एक सणसणीत मुस्काटात ठेवून दिली. मी उभा राहिलो. तिने दुसरीसाठी हात उचलला आणि मग खाली घेतला. म्हणाली, 'मला काय सांगतोस? आत ये आणि तिला सांग. शाळेचा कागद वाचून दाखवला, तरी ती ऐकत नाही. तिला अजून वाटतं, तीच वाईट वागली म्हणून देवाने बोटं नेली.'

ती खिडकीशी बसून डाव्या हाताने पाढे लिहीत होती. मी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. स्विच म्हणजे काय, तार म्हणजे काय, मी काय केलं. तिने नीट ऐकलं. मग विचारलं, 'म्हणजे मी खोडी नाही केली?' मी नाही म्हटलं. 'डाव काढायला गेले, ती पण खोडी नाही?' नाही म्हटलं. मग परत पहिल्यापासून विचारलं, मी खोडी नाही केली? पाच वेळा विचारलं तिने. पाचही वेळा सांगितलं.

निघताना तिच्या आईने विचारलं, 'लिफ्ट तपासायला कोणी आलंच नव्हतं, हे आणखी कोणाला माहीत होतं का?' मी म्हटलं, आहे एक. नाव घेतलं नाही. ते मी सांगायचं नाही, तू सांगायचंस. तिची ताई आहेस तू, रोज विचारते म्हणे, ताई का येत नाही.

शनिवारी दहा वाजता फाटकाशी उभी राहा. तुझ्या रजेचा अर्ज मोठ्या बाईंना पाठवलाय. वाटेत माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. फक्त तिथे गेल्यावर रडू नकोस. मी रडलो, तर तिची आई म्हणाली, 'तू रडायला लागलास की माझी पोर स्वतःचं विसरून तुझीच समजूत काढत बसते.'

दादा